ऑपरेशन झालेलं पोर घरी आणताना: पहिले दहा दिवस

हॉस्पिटलात असताना वाटत असतं कधी एकदा घरी जातोय, आणि घरी आल्यावर पहिल्याच रात्री दोन वाजता पोर कण्हायला लागलं की वाटतं अरे इतक्या लवकर सोडलंच कशाला. माझं हे दोनदा झालंय. लेकीचं टॉन्सिल आणि ॲडेनॉइडचं (नाकामागे वाढलेल्या गाठीचं) ऑपरेशन झालं तेव्हा ती सहा वर्षांची होती, पुढे दोन वर्षांनी धाकट्याचं हर्नियाचं झालं, तो तेव्हा तीनचा. पहिल्या खेपेला मी जवळपास सगळंच चुकलो, त्यामुळे दुसऱ्या खेपेला जरा शहाणा होतो. मी डॉक्टर नाही, बाप आहे. तुमच्या सर्जननी जे लिहून दिलंय ते माझ्या सांगण्याच्या वर धरायचं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

निघायच्या आधी, बेडवर बसूनच

डिस्चार्ज मिळाला म्हटलं की आपला एक पाय दारात असतो. बिल, फाइल, पिशव्या, पोराचा एक बूट सापडत नाही, आणि नेमकी तेव्हाच सिस्टर येऊन पाच मिनिटांत सगळं सांगून जाते, आपण हो हो करतो आणि गाडीत बसेपर्यंत त्यातलं निम्मं डोक्यातून उडालेलं असतं. दोघं असाल तर एकाने पोराकडे बघायचं आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचं आणि लिहायचं. एकटे असाल तर विचारून फोनवर रेकॉर्ड करून घ्या. शेवटी आपण आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं, "म्हणजे रात्री दहाला हे द्यायचं, आणि ड्रेसिंगला परवापर्यंत हात लावायचा नाही, बरोबर ना?" चुकीचं ऐकलं असेल तर तिथल्या तिथे कळतं.

आता विचारायचं काय. सगळ्यात आधी, शेवटचा डोस कुठल्या औषधाचा आणि किती वाजता दिला. ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा वॉर्डात पॅरासिटामॉल सलाईनमधून दिलेलं असू शकतं, नाहीतर शीच्या जागेतून सपोझिटरी म्हणजे आत विरघळणारी औषधाची गोळी ठेवलेली असते. पोराने तोंडाने काहीच घेतलेलं नसतं म्हणून आपण धरून चालतो की अजून औषध दिलंच नाही, आणि घरी आल्या आल्या एक डोस देऊन मोकळे होतो. झाला डबल.

मग टाके आपोआप विरघळणारे आहेत की काढायला यायचंय, की टाके नाहीतच आणि वरून गोंद लावलाय. आत काही ठेवलंय का हेही विचारा. म्हणजे किडनी किंवा लघवीच्या मार्गाच्या ऑपरेशननंतर कधीकधी आत स्टेंट म्हणजे बारीक नळी ठेवतात, तो ठरल्या वेळी काढावाच लागतो आणि बाहेरून दिसत नसल्यामुळे लोक चक्क विसरतात, त्यामुळे ती तारीख तिथेच कॅलेंडरमध्ये टाका. तपासणीला काही पाठवलं असेल तर रिपोर्ट कधी येणार आणि आपण विचारायचा की ते कळवणार.

आणि रात्री तीनला फोन कुणाला करायचा. हा नंबर नुसता घेऊ नका, बेडवर बसूनच लावून बघा. आमच्या कागदावर जो छापला होता तो ओपीडीचा निघाला, संध्याकाळनंतर नुसता वाजत राहायचा.

पोराचं त्या दिवसाचं वजन किलोमध्ये लिहून घ्या, ते पुढे लागणार आहे. औषधं हॉस्पिटलातून निघायच्या आधीच घ्या, "जाताना वाटेत घेऊ" म्हणाल तर मागच्या सीटवर पोर उलटी करत असताना तुम्ही मेडिकलच्या रांगेत उभे असाल. दुखण्याचा डोस निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी बसेल असं जमतंय का तेही सिस्टरना विचारून ठेवा, प्रवास खूप सोपा जातो.

गाडीत

चालवणारा सोडून आणखी एक मोठं माणूस हवंच, आणि ते मागे पोराच्या शेजारी. भूल उतरली तरी पोरं पेंगत राहतात आणि पेंगताना मान पुढे छातीवर पडली की श्वासाला अडथळा येऊ शकतो, विशेषतः लहान बाळांना, चालवणाऱ्याला ते आरशात नीट दिसत नाही. उलटीसाठी पिशव्या, एक टॉवेल, बदलायचे कपडे हाताशी ठेवा, डिकीत नाही. पोटावर ऑपरेशन असलं तरी पट्टा आणि कार सीट सोडायची नाही, मांडीवर घेऊन बसायचा मोह होतो पण नको. कमरेचा पट्टा पोटावरून न घेता खाली जांघेपाशी घ्या. कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर असलेलं पोर नेहमीच्या सीटमध्ये बसतच नाही, ती सोय काय करायची हे ऑपरेशनच्या आधीच विचारायला हवं.

धाकट्याला पाठीतून कमरेखाली बधिर करणारं इंजेक्शन दिलं होतं. घरी पोचलो, दुखत काहीच नव्हतं त्यामुळे साहेब जोरात, गाडीतून स्वतः उतरायचा हट्ट, आणि उतरल्या उतरल्या गुडघ्यांवर बसले. असं इंजेक्शन असेल तर काही तास पायात जोर नसतो, पहिल्यांदा उभं करताना दोन्ही हातांनी धरा. आणि दुखत नाहीये म्हणून पुढचा डोस टाळू नका, ते इंजेक्शन उतरतं तेव्हा दुखणं एकदम वर येतं.

औषध घड्याळावर द्यायचं, रडण्यावर नाही

हा भाग जरा लांब लिहितोय कारण माझ्या मते सगळं इथेच बिघडतं.

लेकीला घरी आणलं तेव्हाची पहिली रात्र. दहाचा डोस होता आणि ती साडेनऊलाच झोपली. आम्ही दोघं दारात उभं राहून तिच्याकडे बघतोय, किती शांत झोपलीय बिचारी, दोन दिवसांनी झोप लागलीय, कशाला उठवायची. नाही उठवलं. दोन वाजता ती उठली. रडत नव्हती, कारण रडलं की घसा दुखतो. गिळत नव्हती, तोंड अर्धवट उघडं आणि लाळ उशीवर गळतेय, आणि औषध पुढे केलं की मान फिरवायची, कारण औषध गिळायला दुखतं आणि औषध गिळल्याशिवाय दुखणं थांबत नाही. पाच वाजेपर्यंत आम्ही थेंब थेंब करून तो एक डोस पोटात घातला. सकाळी सर्जनना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, झोपेतून उठवायचं होतं.

दुखणं एकदा चढलं की खाली आणायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पोराचं खाणंपिणं बंद होतं, मग आणखी दुखतं. त्यामुळे पहिले ४८ ते ७२ तास तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, पोर हसत असलं तरी आणि झोपलं असलं तरी द्यायचं. टॉन्सिलचं दुखणं तर पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्त असतं, तेव्हा "आता दोन दिवस झाले, बंद करू" असं आपल्या मनाने करू नका. फोनला गजर लावा. झोपेत थोडं बसतं करायचं, नाव घ्यायचं, डोळे किलकिले केले की गालात सिरिंज, गिळलं हे बघायचं आणि परत आडवं. दुसऱ्या दिवशी त्यांना आठवतही नाही. एक मात्र आहे, हे साध्या पॅरासिटामॉलबद्दल बोलतोय. जोरदार दुखण्याची औषधं दिली असतील आणि पोर उठवताना नीट उठत नसेल तर डोस द्यायचा नाही, फोन करायचा.

त्याच सकाळी मी एक जुनी वही घेतली आणि रेघा मारल्या. वेळ, औषध, किती मिली, कुणी दिलं, ताप, काय प्यायलं, शू, शी. पेन दोरीने वहीलाच बांधलं आणि वही औषधांच्या ट्रेमध्ये ठेवली. "कुणी दिलं" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण घरात आई, बाप, आजी सगळे प्रेमाने औषध देणारे असतात आणि डबल डोस असाच प्रेमापोटी होतो. बाटली उचलायची तर आधी वही बघायची, हा नियम आजीलासुद्धा.

आता वजन कशाला ते. मुलांचं औषध वयावर कमी आणि वजनावर जास्त ठरतं. पॅरासिटामॉलचा नेहमीचा हिशोब एका वेळेला दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये कमीत कमी ४ ते ६ तास, आणि २४ तासांत साधारण ४ डोसच्या वर नाही. घोळ होतो तो मिलिग्रॅम आणि मिलीमध्ये. समजा पोर १६ किलोचं आहे आणि १५ च्या हिशोबाने २४० मिलिग्रॅम द्यायचंय. बाटलीवर "५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम" लिहिलं असेल तर ते १० मिली झालं. "५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम" असेल तर ५ मिलीलाही जरासं कमी. औषध तेच, चव तीच, बऱ्याचदा खोकाही सारखाच दिसतो, आणि चुकून दुसरी बाटली उचलली तर डोस दुप्पट नाहीतर निम्मा. घरात एकाच ताकदीची बाटली ठेवा आणि जुनी अर्धी उरलेली कपाटातून काढून टाका. मापाला सिरिंज, घरातला चमचा नको, कुठलेच दोन चमचे एका मापाचे नसतात.

आयबुप्रोफेन दिलं असेल तर ते पॅरासिटामॉलपेक्षा वेगळ्या जातीचं आहे, दोन्ही आलटून पालटून द्यायला सांगतात तेव्हा वहीशिवाय जमतच नाही. दिलं नसेल तर मात्र आपल्या मनाने सुरू करू नका. रक्तस्राव, किडनी, दमा, हृदयाचं ऑपरेशन, किंवा पोर नीट पाणीच पीत नाहीये, अशा वेळी ते चालेलच असं नाही. ॲस्पिरिन १६ वर्षांखालच्या पोराला डॉक्टरांनी मुद्दाम लिहून दिल्याशिवाय अजिबात नाही, त्याने राय सिंड्रोम नावाचा मेंदू आणि लिव्हरवर जाणारा आजार होऊ शकतो. कोडीन (दुखण्यावरचं, खोकल्यावरचं एक जोरदार औषध) असलेलं काही घरात पडलं असेल तर तेही नाही. काही मुलांच्या शरीरात त्याचं फार झपाट्याने मॉर्फीन होतं आणि श्वास मंदावतो, म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये १२ वर्षांखाली ते द्यायचंच नाही असं सांगितलं. आणि सर्दी-तापाची मिक्स सिरप, त्यात बऱ्याचदा आधीच पॅरासिटामॉल असतं, लेबल वाचा.

औषध घ्यायलाच तयार नसेल तर सिरिंज जिभेवर मध्ये न सोडता आतल्या गालाला टेकवायची आणि थोडं थोडं सोडायचं, एकदम दाबलं तर ठसका लागतो. गार असलं की चव कमी लागते, त्यामुळे बाटली फ्रीजमध्ये ठेवलेली चालते का हे मेडिकलवाल्याला विचारून घ्या. दोन सिरिंज करा, एक औषधाची आणि एक पाण्याची, आणि कुठली आधी ते पोराला ठरवू द्या, एवढ्याने आमच्याकडे निम्मं भांडण मिटलं. दुधाच्या भरल्या बाटलीत औषध मिसळू नका, अर्धं दूध राहिलं तर किती औषध पोटात गेलं कुणाला कळणार. आणि घेऊन लगेच ओकलं तर अंदाजाने परत द्यायचं नाही, किती मिनिटांनी ओकलं ते लिहा आणि फोन करून विचारा.

"दुखतंय का?" विचारून उपयोग नाही

लहान पोरं सरळ नाही म्हणतात, कारण हो म्हटलं की परत सुई टोचतील असं त्यांना वाटत असतं. धाकटा दुसऱ्या दिवशी पलंगाची कड धरून उभा होता. खाली त्याची आवडती गाडी पडलेली, तिच्याकडे बघतोय पण वाकत नाहीये, ओठ मिटलेले, एक पाय जरासा उचललेला. दुखतंय का रे? नाही. डोस दिला आणि पाऊण तासाने तोच पोरगा जमिनीवर लोळून गाडी फिरवत होता.

डॉक्टर लोक बोलता न येणाऱ्या मुलांसाठी फ्लॅक नावाचं माप वापरतात, त्यात पाच गोष्टी बघतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, आणि जवळ घेतल्यावर शांत होतंय का. प्रत्येकाला शून्य ते दोन मार्क, एकूण दहा. घरी मार्क मोजत बसायची गरज नाही पण नजर या पाच जागी ठेवा. तीनच्या पुढच्या पोरांना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची ओळ काढून दाखवली तर बोट ठेवतात. आणि टॉन्सिलवालं पोर कान दुखतोय म्हणालं तर घाबरून कानात थेंब टाकू नका, घशातलं दुखणं कानात जाणवतं, तीच नस आहे.

औषधाच्या जोडीला साधं काहीतरी करत राहायचं. साबणाचे फुगे फुंकायला लावा, लांब श्वास आपोआप घेतला जातो. पोटाचं ऑपरेशन असेल तर खोकताना, हसताना पोटाला उशी घट्ट धरायची हे पहिल्याच दिवशी शिकवून ठेवा. उचलताना, छातीचं हाड उघडून हृदयाचं ऑपरेशन झालं असेल तर काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात मानेखाली-पाठीखाली आणि एक ढुंगणाखाली असं उचलायचं, हाड जुळायला साधारण ६ आठवडे जातात आणि तेवढे दिवस आजोबांनाही हे सांगत राहावं लागतं.

खाणं, पिणं, शू, शी

पहिले दोन दिवस खाल्लं नाही तर चालतं, प्यायलं नाही तर चालत नाही. घरातल्या मोठ्यांचा सगळा जीव खाण्यात अडकलेला असतो, त्यांना वही दाखवा. घोट घोट, दर दहा-पंधरा मिनिटांनी, आवडत्या कपातून. भुलीनंतर उलटी एखाद-दोनदा होते, थोडं थांबून परत घोटाने सुरू करायचं. पोरात पाणी पुरेसं आहे का हे शू सांगते. ८ तासांत शू नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यात पाणी नाही, पोर मलूल, तर वाट बघू नका. जांघेतल्या किंवा शूच्या जागेच्या ऑपरेशननंतर पोरं जळजळीच्या भीतीने शू धरून ठेवतात, कोमट पाण्यात बसवायला किंवा वरून कोमट पाणी सोडायला चालतं का ते सर्जनना विचारा, आमचं त्याच्यावर निभावलं.

शी हा विषय हॉस्पिटलात कुणी काढत नाही आणि तिसऱ्या दिवशी घरात दुसरा विषय नसतो. दुखण्याच्या जोरदार औषधांनी, कमी खाण्याने आणि पडून राहण्याने पोट घट्ट होतं, आणि टाक्यांच्या पोराने कुंथणं म्हणजे त्याचे आणि आपले दोघांचे हाल. दोन दिवस झाली नाही की शी मऊ करणाऱ्या औषधाबद्दल विचारा, चौथ्या दिवसाची वाट बघू नका.

जखम

काय लावायचं याचं उत्तर बहुतेक वेळा काहीच नाही. तेल, पावडर, घरचा लेप, शेजारच्यांनी आणून दिलेलं मलम, काही नाही. गोंद लावलेला असेल तर मलमाने तो सुटतो, तो आपला आपण ५ ते १० दिवसांत खपलीसारखा पडतो. वरच्या चिकटपट्ट्यांचंही तसंच, कड उचकटली तरी ओढू नका. पहिले ४८ तास बहुतेक वेळा कोरडं ठेवायला सांगतात, मग झटपट आंघोळ, पण टबात डुंबणं किंवा पोहणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. ड्रेसिंग चिकटलं असेल आणि काढायला सांगितलंच असेल तर सलाईनने भिजवून सावकाश.

रोज एक फोटो काढा, त्याच वेळी, त्याच खिडकीपाशी. काल कसं होतं हे तीन दिवस न झोपलेल्या माणसाला आठवत नाही. टाक्याच्या कडेला बारीक गुलाबी रेघ, थोडी सूज, खाज, खाली कडक लागणं, निळसर डाग, हे चालतं. लाली पसरतेय असं वाटलं तर तिच्या कडेने पेनने रेघ मारून ठेवा, काही तासांनी रेघेच्या बाहेर गेली असेल तर फोन. जखम चिघळते ती सहसा लगेच नाही, चार-पाच दिवसांनी किंवा त्याच्याही पुढे, म्हणजे नेमकं आपण निर्धास्त झाल्यावर. दुखणं उतरत आलेलं असताना परत चढायला लागलं, जखम गरम लागतेय, पू किंवा वास येतोय, तर दाखवायचं.

काही गोष्टी बघून उगाच घाबरायला होतं. टॉन्सिल काढलेल्या जागी पांढरट-पिवळट थर येतो आणि तोंडाला भयंकर वास येतो, तो पू नव्हे, घशातली खपली आहे. सुंतेनंतर पुढच्या भागावर पिवळसर पातळ थर येतो, तोही भरून येतानाचा. हर्निया-हायड्रोसीलच्या ऑपरेशननंतर मुलग्यांची गोटीची पिशवी काही दिवस सुजलेली, निळसर दिसते, मी ती बघून रात्री अकराला फोन केला होता. (फोन केला ते बरंच केलं म्हणाले, ओरडले नाहीत.) मात्र ती ताठ होत चालली, फार दुखायला लागली तर दाखवायला हवं.

प्लास्टर असेल तर बोटं बघत राहा. नखावर दाबून सोडलं की दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं गार, निळी-पांढरी, मुंग्या, किंवा औषध देऊनही दुखणं वाढतच चाललंय तर सकाळची वाट बघायची नाही. पहिले दोन दिवस हात-पाय उशीवर उंच. आत खाजवायला पट्टी, सुई, पेन्सिल काही घालायचं नाही, पोरं गुपचूप घालतात, कंपासपेटी लपवून ठेवा.

रात्री आणि तिरसटपणा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लेक घरी आल्यावर आठ-दहा दिवस वेगळीच पोर होती. रात्री दचकून उठायची, बाथरूमलाही एकटी जाईना, चार वर्षांपूर्वी सुटलेलं गादी ओली करणं परत सुरू, आणि आईवर राग, कारण आईनेच तिला ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी सोडलं होतं. भूल आणि हॉस्पिटलनंतर असं बऱ्याच मुलांचं होतं, बहुतेकांचं दोनेक आठवड्यांत ओसरतं. ओरडायचं नाही, गादीवर प्लास्टिक टाकायचं, चार दिवस शेजारी झोपायचं. लेकीने बाहुलीला मास्क लावून वीस वेळा झोपवलं आणि वीस वेळा "आई बाहेरच आहे" असं तिला सांगितलं, आम्ही मध्ये बोललो नाही. महिना झाला तरी तसंच असेल तर मात्र डॉक्टरांशी बोला.

भावंडांनाही काम द्या. वहीत शूची खूण करायचं काम मोठीकडे होतं, इतकं इमानदारीने केलं तिने की धाकट्याला संडासात प्रायव्हसी राहिली नाही.

थांबायचं नाही असं कधी

श्वासाला त्रास, ओठ निळे, उठवून उठत नाही, सरळ ॲम्ब्युलन्स. टॉन्सिलनंतर तोंडातून लालभडक रक्त, थोडं असलं तरी आणि थांबलं तरी, ताबडतोब हॉस्पिटल. खपली पडायच्या सुमाराला, म्हणजे साधारण ५ ते १० दिवसांत, हा धोका असतो, म्हणून दोन आठवडे हॉस्पिटलपासून लांब गावाला जायचं नाही. झोपेत पोर सारखं गिळतंय असं दिसलं तर दिवा लावून तोंडात बघा, रक्त गिळत असू शकतं. जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने १० मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका, नाही थांबलं तर निघा. उलटी हिरवी असेल, पोट फुगून कडक झालं असेल तर निघा. डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) बसवलेल्या पोराला डोकेदुखी, उलट्या, गुंगी असं काही सुरू झालं तर "पोट बिघडलं असेल" म्हणून घरी ठेवू नका.

ताप पहिले एक-दोन दिवस थोडा असतो, ३८ सेल्सिअसच्या आसपास म्हणजे १००.४ फॅरेनहाइट. ३८.५ च्या वर गेला, किंवा दोन दिवस बरं असून मग चढला, तर फोन करा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ म्हणजेच थेट हॉस्पिटल. फुटलेल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर आठवड्याभराने ताप, पोटदुखी, जुलाब असं आलं तर आत पू साठलेला असू शकतो, बाहेरची जखम कितीही छान दिसत असली तरी.

शाळा आणि खेळ

पोराला आतलं भरून यायच्या खूप आधी बरं वाटायला लागतं, त्यामुळे खरी पंचाईत पहिल्या आठवड्यानंतर. टॉन्सिलला शाळा साधारण १० ते १४ दिवस बंद, हर्नियाला त्याहून कमी. पण शाळेत गेलं म्हणजे सायकल, उड्या, कुस्ती चालू झालं असं नाही, त्यांची तारीख वेगळी विचारून घ्या आणि वर्गशिक्षकांना चिठ्ठीत तारीखच लिहून द्या, "थोडे दिवस" लिहिलं तर पीटीच्या तासाला पोरगं मैदानात असतं. पाहुण्यांना फोनवरच सांगा, सर्दी-खोकला असेल तर नंतर या. जखमेच्या खुणेवर पहिलं वर्षभर ऊन लागू द्यायचं नाही, कपड्याने झाका, पूर्ण भरल्यावर सनस्क्रीन.

रात्रीच्या पाळ्या लावून घ्या, अर्धी रात्र एकाने आणि पुढे दुसऱ्याने, दोघांनी मिळून जागणं हे निव्वळ नुकसान आहे, सकाळी डोस मोजायला कुणाचंच डोकं जागेवर नसतं.

फॉलोअपला वही आणि फोटो दोन्ही न्या. लेकीच्या वेळी डॉक्टरांनी पहिल्या पानावर बोट ठेवून विचारलं, इथे दुपारी चारनंतर एकदम पहाटे पाच, मध्ये काय झालं? मी म्हटलं, झोपली होती म्हणून. ते काही बोलले नाहीत, पान उलटलं. उरलेलं औषध तेव्हाच त्यांना दाखवा आणि कुठलं ठेवायचं कुठलं नाही विचारा, दुखण्याचं जोरदार औषध असेल तर ते मेडिकलमध्ये परत घेतात का बघा, घरात उरवू नका.